द मून अँड द नाइटस्पिरिट ऐकायला सुरुवात कुठून करायची: हंगेरियन पेगन फोक, पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

मागच्या वर्षभरात तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, की तू हे हंगेरियन काय ऐकतोस आणि कुठून सुरू करायचं, आणि दरवेळी मी एक लिंक पाठवून मोकळा झालो. समोरच्याने दोन मिनिटं ऐकलं, "भारी आहे, एकदम जंगलात बसल्यासारखं वाटतं" म्हणाला, आणि विषय तिथेच संपला. मला ते लागतं. हे संगीत मागे वॉलपेपरसारखं लावून ठेवायचं नाहीये, त्यात ऐकण्यासारखं खूप आहे, फक्त आत शिरायचं कुठून हे कोणीतरी दाखवायला लागतं. म्हणून एकदाचं सविस्तर लिहितोय. हंगेरियन भाषा यायची गरज नाही. मलाही बोलता येत नाही, पण काही वर्षं ऐकून आणि डिक्शनरी उघडून उघडून जे हाती लागलं ते सांगतो.

ज्यांच्याबद्दल बोलतोय ते दोघं म्हणजे द मून अँड द नाइटस्पिरिट. २००३ साली हंगेरीत आग्नेश तोथ आणि मिहाय सॉबो यांनी सुरू केलेला हा ड्युओ. आग्नेश गाते आणि व्हायोलिन वाजवते, मिहाय गातो आणि अकूस्टिक गिटार वाजवतो, आणि त्याभोवती तालवाद्यं, फुंकवाद्यं, छोटी तारवाद्यं असं बरंच काही येत राहतं. त्यांच्या संगीताला पेगन फोक म्हणतात, म्हणजे ख्रिश्चन धर्म यायच्या आधीच्या श्रद्धा, निसर्ग, शमनांच्या गोष्टी, परीकथा, या सगळ्यातून उगवलेलं फोक. गाणी बहुतेक हंगेरियनमध्ये आणि बहुतेक त्यांनी स्वतः रचलेली.

पायरी १: आधी शोधा, आणि नावं नीट म्हणायला शिका

स्पॉटिफाय, यूट्यूब, बँडकॅम्प, तिन्हीकडे मिळतात. बँडचं नाव इंग्रजीत आहे त्यामुळे शोधायला त्रास नाही. अल्बमची नावं टाइप करताना अक्षरांवरचे टिंब आणि रेघा नाही टाकल्या तरी चालतं, सर्चला कळतं.

नावांसाठी पाच मिनिटं द्या, पुढे खूप फायदा होतो. हंगेरियन स्पेलिंग एकदा कळलं की सहसा दगा देत नाही, इंग्रजीसारखा गोंधळ नाही. एस दिसला की श म्हणायचं, एस आणि झेड जोडीने दिसले की स. म्हणून आपण बुडापेस्ट म्हणतो ते तिथे बुदॉपेश्त होतं. जे म्हणजे य. सी एकटा असेल तर त्स. साधा ए म्हणजे तोंड गोल करून ऑ, आणि त्याच ए वर रेघ असेल तर आपला स्वच्छ आ. दोन टिंबवाला ओ आपल्याकडे नाही, त्यासाठी ओठ ओ म्हणताना करतो तसे गोल ठेवायचे आणि आतून ए म्हणायचं. आरशासमोर एकदा करून बघा, लगेच जमतं. मी खाली त्या स्वराला ओच लिहिलंय, पण वाचताना ओठ आठवा.

अजून एक, हंगेरीत आडनाव आधी लिहितात. तोथ आग्नेश, सॉबो मिहाय. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर असतं तसंच. आणि सॉबो म्हणजे शिंपी, म्हणजे आपल्याकडे याच आडनावाची माणसं गल्लीगल्लीत आहेत. मला हे कळल्यावर ते दोघं एकदम जवळचे वाटायला लागले.

पायरी २: सम पकडा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, बाकी काही नाही केलंत तरी ही करा.

हंगेरियनमध्ये प्रत्येक शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावर असतो. शब्द कितीही लांब असो, जोर पहिल्यावरच, बाकीचा शब्द त्याच्या मागून ओघळत येतो. याचा थेट परिणाम गाण्यावर होतो. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा बऱ्याचदा समेच्या आधी उठतो आणि समेवर येऊन पडतो, ती मजाच असते. इंग्रजी गाण्यातही ठोक्याआधी एखादं छोटं अक्षर सरकून येतं. पारंपरिक हंगेरियन गाण्यात ते सहसा नसतं. गाणं समेवरूनच उठतं. ओळ सुरू झाली म्हणजे ठोका पडलाच.

करायचं काय, तर ड्युओचं कुठलंही मध्यम लयीतलं गाणं लावा, हेडफोन घाला, आणि शब्दांकडे लक्ष न देता मांडीवर बोटाने ठोका धरा. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर आणि तुमचं बोट एकत्र पडतंय का बघा. दोन-तीन गाण्यांत बोट आपोआप तिथे जायला लागतं. एकदा ते झालं की तो जो सुरुवातीला "मस्त पण सगळं सारखंच वाटतं" असा धुकट अनुभव येतो तो निघून जातो, कारण आता शब्द कुठे सुरू होतोय ते कानाला कळायला लागतं. अर्थ नाही कळत अजून, पण शब्द वेगवेगळे ऐकू येतात, आणि अनोळखी भाषेत तीच पहिली पकड असते.

पायरी ३: नावं फोडून बघा

आता थोडी डिक्शनरी. पूर्ण गाण्याचा ट्रान्सलेट मारू नका, मशीन भाषांतरात या गाण्यांचा पार चोथा होतो. फक्त अल्बमची आणि गाण्यांची नावं घ्या आणि शब्द फोडा, कारण हंगेरियन शब्द आपल्यासारखेच जोडून जोडून बनतात.

ओशफोर्राश, २००९ चा अल्बम: ओश म्हणजे पूर्वज किंवा आदिम, फोर्राश म्हणजे झरा. मूळ झरा. मोहॉलेप्ते, २०११ चा: मोहॉ म्हणजे शेवाळ, लेप्ते म्हणजे ज्यावर ते पसरलंय असं. आपल्याकडे शेवाळलेलं हा एक शब्द आहेच, अगदी तोच. होल्दरेयतेक, २०१४ चा: होल्द म्हणजे चंद्र, रेयतेक म्हणजे लपायची जागा. चंद्राची लपायची जागा, असं एका शब्दात सांगता येतं.

आणि माझं सगळ्यात आवडतं, २०२० च्या एथर अल्बममधलं एक गाणं, कॉपुत्लॉन कॉपुकोन आत. कॉपु म्हणजे मोठं दार, वेस. त्याला क लावला की अनेक दारं. त्याला ओन लागला की दारांवर, आणि पुढे आत आला की दारांमधून. आपण दार, दारां, दारांमधून करतो तसंच एकेक डबा जोडत जायचं. इंग्रजीत यासाठी शब्द आधी सुटा ठेवायला लागतो, आपल्याला आणि त्यांना मागे चिकटवायची सवय आहे, म्हणून मराठी माणसाला हे पटकन कळतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता पहिला शब्द बघा, कॉपुत्लॉन. शेवटचं त्लॉन म्हणजे शिवाय, विना, आपलं बिन. बिनदाराच्या दारांमधून. जी दारं नाहीतच त्यांच्यातून पलीकडे. हे त्लॉन लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत परत येणार आहे.

पायरी ४: रेगोलेश समजून घ्या

२००७ च्या अल्बमचं नाव आहे रेगो रेयतेम. हे त्यांनी मनाने बनवलेलं नाही, हे एका जुन्या प्रथेतल्या गाण्याचं पालुपद आहे, आणि ही प्रथा कळली की या दोघांचं अर्धं जग कळतं.

प्रथेचं नाव रेगोलेश. २६ डिसेंबर, म्हणजे संत स्टीफनचा दिवस, तिथपासून नवीन वर्षापर्यंत, मुख्यतः पश्चिम हंगेरीतल्या गावांमध्ये पोरं आणि तरुण गट करून दारोदार फिरायचे. अंगावर उलटी घातलेली मेंढीची कातडी, केस बाहेर. हातात साखळ्या अडकवलेली काठी, ती जमिनीवर आपटायची, खण्ण खण्ण. आणि एक मडकं, कोचोगदुदॉ नावाचं. आपल्या गोव्याच्या घुमटासारखंच मातीचं भांडं आणि तोंडावर ताणलेलं कातडं, पण यात कातड्याच्या मधोमध एक बोरूची काडी बसवलेली असते, आणि थाप मारायची नाही, ओल्या हाताने ती काडी वरून खाली घासायची. आवाज येतो तो घुमल्यासारखा, गुरगुरल्यासारखा, पोटातून येणारा. यूट्यूबवर एखादा व्हिडिओ शोधून नुसता तो आवाज ऐका, मग ड्युओच्या गाण्यांत खाली जे घोंघावणारं काहीतरी चालू असतं ते वेगळंच ऐकू यायला लागेल.

हे लोक दारात येऊन काय गायचे, तर घरधन्याला धान्य भरपूर होऊ दे, गाई-डुकरांची भरभराट होऊ दे, आणि घरातल्या पोरीचं नाव घेऊन गावातल्या अमुक पोराशी तिची जोडी लावायची. मग काहीतरी खायला-प्यायला मिळायचं आणि पुढच्या दारी. दारात येऊन गाऊन आशीर्वाद देऊन दान घेऊन जाणारी माणसं म्हटल्यावर आपल्याला वासुदेव आठवणारच. आणि मध्ये मध्ये ते पालुपद, हॉय रेगो रेयतेम. त्याचा नक्की अर्थ काय यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. गाणारे पिढ्यान् पिढ्या गात राहिले आणि अर्थ मागे कुठेतरी गळून पडला, शब्द तेवढा राहिला.

पण मला ज्यासाठी हे सांगायचं होतं ते पुढे आहे. या गाण्यांत एक हरीण येतं, चोदॉसॉर्वॉश, अद्भुत हरीण, फांद्यांसारखी मोठी शिंगं असलेलं. याची एक गोष्ट तेराव्या शतकात केझाच्या सायमनने लिहून ठेवलीय, दोन भाऊ शिकारीला जातात, हरिणीचा पाठलाग करता करता दलदलीपलीकडच्या नव्या प्रदेशात पोचतात आणि तिथून हुण आणि मॉड्यॉर, म्हणजे हंगेरियन, लोक सुरू होतात. ती राजदरबारातली गोष्ट झाली. रेगोलेशमधलं हरीण वेगळं आहे. त्या गाण्यांत या हरणाच्या कपाळावर उगवता सूर्य आहे, कुशीवर चंद्र आहे, अंगावर तारे आहेत. आणि शिंगांच्या हजार फांद्यांवर हजार मेणबत्त्या. त्या न पेटवता पेटतात आणि न विझवता विझतात.

न पेटवता म्हणजे ड्यूयतॉत्लॉन. न विझवता म्हणजे ओल्तॉत्लॉन.

तेच त्लॉन. बिनदाराची दारं, आणि बिनपेटवता पेटलेल्या मेणबत्त्या. गाण्याचं नाव तिथूनच घेतलं असं मी म्हणत नाही, तो प्रत्यय रोजच्या बोलण्यातला आहे, कुणीही वापरतो. पण कान एकदा तयार झाला की २०२० चं गाणं ऐकताना दारात उभं राहून साखळीची काठी आपटणारा पोरगा आठवतो, आणि हे कुठल्याही भाषांतरातून मिळत नाही. मला ज्या रात्री हे जुळलं त्या रात्री मी ते गाणं लागोपाठ पाच-सहा वेळा ऐकलं होतं.

अजून एक बारीक गोष्ट. त्या मेणबत्त्या गाण्यात नुसत्या मेणबत्त्या नाहीत, चर्चमधल्या मिस्साच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या, मेणबत्त्या आहेत. म्हणजे पेगन हरीण आणि त्याच्या शिंगांवर ख्रिश्चन मेणबत्त्या. हंगेरीत पहिला राजा इश्त्वान इ.स. १००० च्या सुमारास गादीवर बसला आणि देश ख्रिश्चन झाला, १०४६ मध्ये त्याविरुद्ध बंड झालं ते टिकलं नाही, आणि आधीच्या धर्माचं लिहिलेलं जवळपास काहीच हाती राहिलं नाही. जे उरलं ते असं, सणांत, परीकथांत, पालुपदांत, नव्या धर्मात मिसळून. त्यामुळे पेगन फोक ऐकताना हा हजार वर्षांपूर्वीचा जसाच्या तसा आवाज आहे असं समजू नका. आज जगणारी माणसं उरलेल्या तुकड्यांवरून स्वतःचं काहीतरी रचतायत, आणि मला तर त्यामुळेच ते जास्त मोलाचं वाटतं.

पायरी ५: कुठला अल्बम आधी

माझा क्रम सांगतो, पटलं तर घ्या. पहिला ओशफोर्राश. त्यात ठेका ठळक आहे, पायरी २ चा सराव त्याच्यावर छान होतो. मग रेगो रेयतेम, वरची सगळी गोष्ट ताजी असतानाच. मग मोहॉलेप्ते, जरा संथ, पावसाळी दुपारी ऐकायचा. होल्दरेयतेक त्यानंतर. २०१७ चा मेतानोइया आणि २०२० चा एथर शेवटी ठेवा, कारण त्यात ते दोघं नाचापासून लांब जाऊन आत वळलेत, आवाजांचे थर जास्त, घाई कमी, आणि नवख्या माणसाने तिथून सुरुवात केली की पुन्हा तोच जंगलाचा वॉलपेपर होतो. २००५ चा पहिला अल्बम, ज्याचं नाव इंग्रजीत आहे, तो सगळ्यात शेवटी ऐका, मग ते कुठून निघाले आणि कुठे पोचले ते कळतं.

शफल बंद ठेवा. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे आवाज त्यात मरतात.

पायरी ६: मूळ लोकसंगीतही ऐका

पेगन फोक आणि हंगेरीचं खरंखुरं गावातलं लोकसंगीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलं आवडलं तर दुसऱ्याकडे जायलाच हवं. १८९० च्या दशकात विकार बेलॉ हा लोकगीतांचा संग्राहक फोनोग्राफ घेऊन गावोगाव फिरला, मग १९०५-०६ पासून कोदाय आणि बार्तोक हे दोन संगीतकार. मेणाच्या नळकांड्यांवर शेतकरी बायकांचे आवाज रेकॉर्ड केले. त्यातून त्यांना एक जुना थर सापडला, पाच सुरांच्या चाली, वरून सुरू होऊन खाली उतरणाऱ्या, आणि कित्येकदा पहिल्या दोन ओळींची चालच पुढच्या दोन ओळींत पंचमाएवढी खाली उतरवून गायलेली. ते पाच सूर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानीचेच सूर. राग नव्हे, पण ज्याने धानी ऐकलाय त्याला ही चाल परकी वाटणार नाही, पेटीवर वाजवून बघा.

पुढे ६ मे १९७२ ला बुडापेस्टमध्ये पहिलं तांत्सहाझ भरलं, म्हणजे नाचघर, शहरातल्या तरुणांनी ट्रान्सिल्व्हानियातल्या सेक गावाची पद्धत उचलून आणली आणि स्टेजऐवजी जमिनीवर सगळ्यांनी मिळून नाचायला सुरुवात केली. २०११ मध्ये युनेस्कोने या पद्धतीची दखल घेतली. या लाटेतला १९७३ चा ग्रुप मुझिकाश, आणि त्यांच्याबरोबर गाणारी शेबेश्त्येन मार्ता, ही दोन नावं सर्च करा. ऐकताना व्हायोलिनच्या मागे घुसघुस चालणारा कोंत्रॉ शोधा. ते तीन तारांचं व्हायोला असतं आणि त्याची घोडी सपाट असते, त्यामुळे गज फिरवला की तिन्ही तारा एकदम वाजतात, सूर नाही तर पूर्ण कॉर्ड येतो. त्या घुसघुशीवरच नाचणारे पाय टाकतात.

थोडं सांभाळून

सर्च करत गेलात की लवकरच कोणीतरी सांगायला लागेल की हंगेरियन भाषा सुमेरियन आहे, किंवा संस्कृतमधून आलीय, किंवा हे सगळं पाच हजार वर्षांचं गुप्त ज्ञान आहे. सोडून द्या. हंगेरियन युरालिक कुळातली आहे, फिनिश आणि एस्टोनियन तिच्या लांबच्या बहिणी, हे भाषातज्ज्ञांनी कधीच पक्कं केलंय. आपण दारांमधून म्हणतो आणि ते कॉपुकोन आत म्हणतात यात नातं काही नाही, घडण सारखी आहे एवढंच, आणि तेवढं पुरेसं गोड आहे.

युरोपात राहणाऱ्यांसाठी एक सांगतो, नेदरलँड्समध्ये लिस्सेला कॉयकेनहोफच्या गढीच्या आवारात २००५ पासून कॅसलफेस्ट भरतो, पेगन फोक ऐकणारे तिथे हमखास भेटतात, आम्सटेलवेनच्या मराठी मंडळींना तर ते जवळच आहे. लाइनअप बघून जा. भारतात असाल तर दिल्लीत हंगेरीचं सांस्कृतिक केंद्र आहे, त्यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

पायरी ७: लुत्सॉची खुर्ची

हे सगळं एका रविवारी उरकायला जाऊ नका. हंगेरीत १३ डिसेंबरला लुत्सॉचा दिवस असतो. त्या दिवशी एक छोटी खुर्ची बनवायला घ्यायची आणि ख्रिसमसच्या आदल्या दिवसापर्यंत रोज थोडंसंच काम करायचं, कुठे कुठे तर तेरा प्रकारचं लाकूड वापरायचं. मग मध्यरात्रीच्या मिस्साला त्या खुर्चीवर उभं राहिलं की गावातल्या चेटकिणी ओळखू येतात म्हणे, आणि त्या मागे लागल्या तर पळताना खसखस टाकत जायचं, त्या वेचत बसतात. एखादं काम रेंगाळलं की तिकडे आजही म्हणतात, लुत्सॉच्या खुर्चीसारखं चाललंय.

तसंच करा. डिसेंबरच पाहिजे असं नाही. तेरा दिवस, रोज एकच गाणं, दोनदा. पहिल्यांदा नुसता ठोका धरून, दुसऱ्यांदा नावातला एक शब्द डिक्शनरीत बघून. पहिले चार-पाच दिवस ओशफोर्राश, मग तीन दिवस रेगो रेयतेम आणि त्यातल्या एका दिवशी आधी कोचोगदुदॉचा व्हिडिओ, मग मोहॉलेप्ते आणि होल्दरेयतेकमधून जे नाव फोडावंसं वाटेल ते. वही ठेवा, शब्द देवनागरीतच लिहा, कान जे ऐकतो ते. बाराव्या दिवशी मुझिकाश. तेराव्या दिवशी घरातले दिवे घालवून कॉपुत्लॉन कॉपुकोन आत लावा, बोट मांडीवर ठेवा, आणि ते त्लॉन कुठे येतंय ते ऐका.